देवीदासभाऊंचा खोटा खोकला

"तुमी आमच्या यायले टीबी करून ठेवला!"

सकाळी सकाळी दार उघडलं तर सुमनवहिनी उंबऱ्यात उभ्या. डोळे रडून सुजलेले. आणि ज्यांना मी टीबी केला होता ते देवीदासभाऊ त्यांच्या मागे, माझ्याच झाडाचा पेरू तोडून खात होते. अगदी ठणठणीत.

"वहिनी, आधी आत या. कोणाला झाला टीबी?"

"झाला नाई, तुमी केला! रिसोडहून फोन आलता. साक्षगंध थांबवा म्हंतात. आता कोण्या तोंडानं लोकायले सांगू मी?"

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. पल्लवी ही देवीदासभाऊंची एकुलती एक लेक. रिसोडचं घर, मुलगा चांगला, सगळं ठरलेलं. हॉल बुक, साडी घेतलेली. मी देवीदासभाऊंकडे पाहिलं. त्यांनी पेरू खिशात ठेवला.

"मॅडम, तुमचीच ऑर्डर होती," ते म्हणाले. "घंटी वाजत नाई तोवर सोडाचं नाई."

आता हे सगळं नीट सांगायचं तर आधी माझं काम सांगावं लागेल. मी नर्सिंगची ट्यूटर होते. म्हणजे जन्म इंजेक्शन देण्यात गेला आणि उरलेला इंजेक्शन द्यायला शिकवण्यात. गल्लीत मला टुटर मॅडम म्हणतात. रिटायर झाल्यावरही वाशीमच्या एका दवाखान्यात ट्रेनिंगला बोलावतात. दवाखान्याचं नाव सांगत नाही. मला अजून तिथे चहा मिळतो.

तिथल्या मोठ्या साहेबांनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, वरून ऑर्डर आहे. डॉक्टर लोकांना पेशंटची बाजू समजली पाहिजे. एक ट्रेनिंग घेऊन टाका."

"किती वेळात समजली पाहिजे, सर?"

"लंचपर्यंत."

मी हो म्हटलं. अशा कामासाठी आमच्या धंद्यात एक पद्धत आहे, सिम्युलेटेड पेशंट. म्हणजे खोटा पेशंट. एका धडधाकट माणसाला एक आजार शिकवायचा, खाटेवर झोपवायचं, आणि डॉक्टरांनी त्याला खऱ्यासारखं तपासायचं. नंतर तो माणूस सांगतो की डॉक्टर कसा वागला. खरा पेशंट हे कधीच सांगत नाही. त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच डॉक्टरसमोर बसायचं असतं.

यात एक गंमत असते. खोट्या पेशंटला आजारासोबत एक आतली गोष्ट दिलेली असते. काळजी, भीती, लाज, असं काहीतरी. ती त्याने आपण होऊन सांगायची नाही. कोणी मायेनं विचारलं तरच सांगायची. डॉक्टरने ती बाहेर काढली की तो पास.

टीबीच्या पेशंटसाठी मला देवीदासभाऊ आठवले. शेजारी राहतात, एसटीचे रिटायर कंडक्टर. गल्लीच्या गणपतीत नाटक असलं की मरायचं काम त्यांच्याकडे. आणि मरतात इतक्या सावकाश की पडदा ओढणारा कंटाळून खाली बसतो. मी त्यांना खोकला शिकवायला गेले, तर त्यांनीच मला तीन प्रकार करून दाखवले.

"कोरडा पाह्यजे का ओला?"

"ओला. आणि कधी कधी रक्त पडतं, असं."

"मंग जरा खोलातून काढतो," म्हणाले आणि काढला. सुमनवहिनी आतून पाणी घेऊन धावत आल्या.

आतली गोष्ट मी अशी दिली: पोरीचं लग्न जमलं आहे, आजार सोयऱ्यांना कळला तर मोडेल, म्हणून हा माणूस घरातसुद्धा कोणाला सांगत नाही. पल्लवीचं तेव्हा खरंच जमलेलं. मला वाटलं, बरं झालं, पाठांतर कमी. आणि नियम एकच सांगितला. शेवटची घंटी वाजेपर्यंत रोल सोडायचा नाही. सख्खा भाऊ समोर आला तरी तुम्ही पेशंटच.

"मॅडम, साऱ्या नोकरीत मी डबल बेल देल्याशिवाय गाडी हालू देली नाई," देवीदासभाऊ म्हणाले. "तुमी बेफिकीर राहा."

मी बेफिकीर राहिले.

ट्रेनिंगसाठी आम्हाला एक बंद असलेला वॉर्ड दिला होता. खाट, सलाईनचा स्टँड, आणि खाटेजवळ एक स्टूल. स्टुलावर जुन्या फाइलींचा ढीग. मी पडद्याआड मार्क द्यायला बसले. डॉक्टर एकेक करून यायचे.

पहिले डॉक्टर आले, फाइल वाचली, छाती तपासली, फाइलमध्ये लिहिलं, फाइलला थँक्यू म्हणाले आणि गेले. दुसऱ्यांनी सगळं विचारलं, पण सिस्टरला. सिस्टरला काय माहीत? तिने देवीदासभाऊंकडे पाहिलं, देवीदासभाऊंनी पंख्याकडे.

मग आले डॉक्टर निनाद. पुण्याकडचे, तरुण, हुशार. आमच्या दवाखान्यात नुकतेच लागलेले. मनाने वाईट नाहीत, पण घाई अशी की बोलता बोलता अर्धे दाराबाहेर असतात.

"कफ ड्राय आहे की प्रॉडक्टिव्ह?"

देवीदासभाऊंनी विचार केला. "तुमी म्हणाल तसा."

"वजन कमी झालं आहे का? रात्री घाम? भूक?"

"हो जी. हो जी. हो जी."

"काही टेन्शन नाही ना?"

आता सांगा, हा काय विचारायचा प्रश्न झाला! 'नाही ना' म्हटल्यावर माणूस नाहीच म्हणणार. देवीदासभाऊ म्हणाले, "नाई जी." डॉक्टर निनादनी ते लिहून घेतलं: नो टेन्शन.

एकही डॉक्टर त्या स्टुलावर बसला नाही. आतली गोष्ट आतच राहिली. मग चहाची सुट्टी झाली, सगळे कँटीनला गेले. चहाला मी घंटी वाजवली नाही, कारण तो मध्यंतर होता, शेवट नव्हता. देवीदासभाऊ एकटे खाटेवर पडून इमानदारीनं खोकत राहिले.

तेवढ्यात दारातून एक गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, चष्मा, हातात रेक्झिनची बॅग. मला वाटलं, मानोऱ्याहून एक डॉक्टर यायचे बाकी होते, ते उशिरा आले. मी पेन उघडलं.

ते दारातच थबकले. मग हळूच आत आले. स्टुलावरच्या फाइली उचलून त्यांनी खिडकीत ठेवल्या. स्टूल खाटेला लावलं आणि बसले. देवीदासभाऊंचा हात हातात घेतला. मी मनात म्हटलं, वा! याला म्हणतात डॉक्टर.

"देवीदासजी, कवापासून हाय हे?"

"दोन महिने झाले जी."

"रातच्याले झोप लागते काय?"

"नाई लागत."

"अन् घरी सांगतलं कोनाले?"

देवीदासभाऊंनी मान फिरवली. त्या गृहस्थांनी घाई केली नाही. हातावर हात फिरवत म्हणाले, "मले समजते. सांगता येत नाई. मनातल्या मनात माणूस खचत जाते. पण एका जनाजवळ तं बोला. मी कोठी बोलणार नाई."

आणि देवीदासभाऊंच्या डोळ्यातून पाणी आलं. ते मी शिकवलेलं नव्हतं. "रगत पडते जी खोकल्यातून," ते म्हणाले. "पोरीचं लगन जमलं. सोयऱ्यायले समजलं तं मोडते. म्हणून कोनालेच नाई सांगतलं. तुमी बी सांगू नका, पाया पडतो."

त्या गृहस्थांचा चेहरा कसानुसा झाला. चष्मा काढून पुसला, हात दाबला, आणि उठून गेले. मी पैकीच्या पैकी मार्क दिले. बाहेर जाऊन टाळी वाजवायचीच बाकी होती.

ते मानोऱ्याचे डॉक्टर नव्हते. ते नारायणराव होते, रिसोडचे. मुलाचे वडील. देवीदासभाऊंचे होणारे व्याही.

"अहो, पण तुम्ही तर त्यांना ओळखत होता!" मी त्या सकाळी देवीदासभाऊंवर ओरडले. "प्रत्यक्ष व्याह्याला सांगता की सोयऱ्यांना सांगू नका? डोकं कुठे होतं तुमचं?"

"मले वाटलं तुमीच आणलं त्यायले," देवीदासभाऊ म्हणाले. "मी टिकतो का नाई ते पाहाले. सख्खा भाऊ आला तरी सोडाचं नाई, हे तुमीच म्हणे. मी म्हटलं, मॅडमनं भावाच्या जागी इवाईच धाडला, लय कडक परीक्षा हाय. अन् खरं सांगू काय? इतक्या मायेनं मले जन्मात कोनी विचारलं नाई. मंग बोलाच लागलं."

सुमनवहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला आत गेले.

रिसोडला फोन करून झाले होते. देवीदासभाऊंनी स्वतः सांगितलं की मी ठणठणीत आहे, ते नाटक होतं. तिकडून नारायणराव हळू आवाजात म्हणाले, "जपा जी तब्येतीले," आणि ठेवून दिला. सुमनवहिनींनी केला, तर मुलाच्या आजीने घेतला. आजी म्हणाली, "बाई, माणूस दवाखान्यात खाटेवर पडला होता, माह्या पोरानं डोयानं पाह्यलं. नाटकवाले दवाखान्यात काहून झोपतीन?"

पल्लवी तोवर आमच्या अंगणात येऊन उभी राहिली होती. शांत पोरगी आहे, बँकेच्या परीक्षा देते. मला म्हणाली, "मॅडम, मले थो पोरगा पसंत हाय. पाहाले आले तवा साऱ्यायनं मलेच प्रश्न इचारले. त्यानं एकट्यानं म्हटलं का तुमाले काही इचाराचं असन तं इचारा. असा दुसरा भेटाचा नाई." एवढं बोलली आणि रडायला लागली. मग मात्र माझ्याने बसवेना.

मी तडक मोठ्या साहेबांकडे गेले.

"मॅडम, लग्न जमवणं आपल्या कामात बसत नाही," साहेब म्हणाले.

"मोडणं बसतं का, सर?"

साहेबांनी डॉक्टर निनादना बोलावलं आणि मला म्हणाले, "यांना घेऊन जा. यांनाच पेशंटची बाजू सगळ्यात कमी समजली आहे."

डॉक्टर निनादनी देवीदासभाऊंचा छातीचा एक्स-रे काढला, थुंकी तपासली. सगळं स्वच्छ. "झालं, पुरावा आहे," ते खुशीत म्हणाले. "एक्स-रे दाखवू, पाच मिनिटांत मोकळे." त्यांच्याच गाडीतून आम्ही निघालो. डॉक्टर, मी, सुमनवहिनी आणि देवीदासभाऊ. वाटेत देवीदासभाऊंना बजावलं की रिसोडमध्ये काही झालं तरी खोकायचं नाही.

नारायणरावांचं घर बाजाराच्या मागे. ओसरीत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी, अंगणात तुळस. स्वयंपाकघराच्या खिडकीत बाहेरच्या बाजूने एक ताट आणि एक पेला पालथा घातलेला दिसला. कामवालीचं असेल म्हणून मी पुढे गेले.

ओसरीवर आजी बसलेली. बारीक, ताठ, चष्म्यातून आरपार पाहणारी. नारायणरावांनी 'या, बसा' म्हटलं, पण मान वर केली नाही. आणि आम्ही बसतो न बसतो तोच आत मिरचीची फोडणी पडली.

ठसका म्हणजे असा उठला की काय सांगू! देवीदासभाऊंनी श्वास रोखला. चेहरा लाल, मग जांभळा. डोळ्यांतून धारा. आजी त्यांच्याकडे टक लावून बघते आहे. मी खोकले, सुमनवहिनी खोकल्या, डॉक्टर निनाद खोकून खोकून वाकले. खोकला नाही तो एकटा आमचा पेशंट. शेवटी त्यांच्याही नाकातून बंदुकीसारखा आवाज निघाला.

"झाकून ठेवा म्हणलं तं कोठं झाकते खोकला," आजी म्हणाली.

हळूहळू सगळ्यांचा ठसका बसला. आत स्वयंपाकघरात कोणीतरी अजून खोकत होतं. ते काही थांबेना.

"फोडणी हाय," आजी घाईने म्हणाली.

डॉक्टर निनादनी एक्स-रे काढून उजेडात धरला. "आजी, हे पहा. ही यांची छाती. एकदम नॉर्मल."

आजीने पाहिलं. "हे काय, दोन्हीकून कायंकुट्ट तं झालं."

"अहो, निरोगी फुप्फुस एक्स-रेत काळंच दिसतं. त्यात हवा असते."

"अन् खराब झालं तं?"

"मग पांढरं दिसतं."

आजीने नारायणरावांकडे पाहिलं. म्हणजे तिचा अर्थ असा की हा डॉक्टर काळ्याला चांगलं म्हणतो आणि पांढऱ्याला वाईट, याच्याशी काय बोलायचं! मग तिने सरळ विचारलं, "म्हंजे यायले टीबी नाई म्हंजे नाई न?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. तेवढंच. पण शिकलेला माणूस! डॉक्टर निनाद म्हणाले, "आजी, मेडिकलमध्ये शंभर टक्के असं काही सांगता येत नाही. पण सध्या तरी तसं काही आढळत नाही."

"झालं!" सुमनवहिनींनी कपाळावर हात मारला.

डॉक्टर आणखी समजवायला लागले. जंतू, तपासणी, रिपोर्ट, अचूकता. जितकं बोलत होते तितकी आजी दूर जात होती. मी शेवटी त्यांचा शर्ट मागून ओढला.

"डॉक्टर, पुरे. सांगू नका. विचारा."

"काय विचारू?"

"काल ट्रेनिंगमध्ये जे कोणीच विचारलं नाही ते."

ते थोडे ओशाळले. खुर्चीवरून उठले आणि खाली आजीच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. एक्स-रे बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आजी, तुम्हाला भीती कशाची वाटते?"

आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. डॉक्टरांच्या खिशात मोबाइल थरथरला. त्यांनी न बघता बंद केला. हे मी त्यांना पहिल्यांदाच करताना पाहिलं.

"आमचा बुढा खोकलत होता," आजी म्हणाली. "एका डाक्टरले दाखवलं, थो म्हणे काई नाई. दुसऱ्याले दाखवलं, थो बी म्हणे काई नाई. साधा खोकला हाय, घरी न्या. काई नाई, काई नाई म्हणता म्हणता बुढा गेला. तवापासून कोनी काई नाई म्हटलं का मले धडकी भरते. अन् तू तं आल्याबराबर तेच म्हटलं."

डॉक्टर निनादनी समजावलं नाही. विचारलं, "आजोबांचं नाव काय होतं?"

आजीने नाव सांगितलं, आणि मग सांगतच राहिली. बुढा कसा होता, बैलांना काय काय नावं ठेवायचा, शेवटी शेवटी भाकर कशी जाईना. चहा आला तो तसाच थंड झाला. डॉक्टर ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी 'ओके' म्हटलं नाही.

"आजी, मग तुम्हाला कशाने पटेल ते तुम्हीच सांगा," शेवटी ते म्हणाले.

आजीने एक क्षणही घेतला नाही. "इवायाच्या ताटात जेव. एका ताटात, दोघं. जेवशीन तं मानतो."

आता खरी पंचाईत. टीबी ताटाने पसरत नाही. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा सांगेल. म्हणजे ताटात जेवून काहीच सिद्ध होत नव्हतं. डॉक्टर निनादनी तोंड उघडलं, "पण आजी, शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर..."

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "आता तोंड फक्त जेवायला उघडा."

ताट आलं. ज्वारीची भाकर, बेसन, हिरव्या मिरचीचा ठेचा. पुण्याकडच्या त्या पोराने आमचा ठेचा कधी खाल्ला नसावा. पहिल्या घासाला कान लाल, दुसऱ्याला घाम, तिसऱ्याला तो देवीदासभाऊंच्या पेल्यातलं पाणी घटाघट प्यायला. देवीदासभाऊ मात्र मजेत जेवत होते. भाकर मोडून डॉक्टरांपुढे सरकवत म्हणाले, "घ्या न जी, लाजू नका." आजी शेवटच्या घासापर्यंत पापणी न लववता पाहत होती.

ताट रिकामं झालं. आजी म्हणाली, "बरं. मानलं."

सुमनवहिनींनी पदराला डोळे पुसले. मी उठायच्या बेतात होते. काम झालं होतं. पण डॉक्टर निनाद हात धुऊन पुन्हा आजीपुढे येऊन बसले.

"आजी, आता एक खरं सांगतो. रागावू नका. यांना आजार असता, तरी मी या ताटात जेवलो असतो. टीबी ताटानं, पेल्यानं होतच नाही. खोकल्यातून, हवेतून होतो. आणि औषध नीट घेतलं तर बरा होतो. आजोबांच्या वेळी जमलं नाही, आता जमतं."

मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या दिल्या. जुळलेलं लग्न पुन्हा घालवतो आहे की काय हा!

आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारामागून बाईचा आवाज आला.

"मंग माहं ताट काहून येगळं हाय?"

दार थोडं उघडलं. मुलाची आई कमलबाई उभी होती, नारायणरावांची बायको. पल्लवीला पाहायला सगळे आले होते तेव्हा ही आली नव्हती. गुडघे दुखतात, असं सांगितलं होतं. अंगावर मांस म्हणून नव्हतं. पदर तोंडावर धरलेला. मला खिडकीतलं ते पालथं ताट आठवलं.

नारायणराव तोंड झाकून रडायला लागले. एवढा मोठा माणूस, आमच्या सगळ्यांसमोर.

"काल मी हिच्यासाठीच आलतो दवाखान्यात," ते म्हणाले. "चिठ्ठीच्या लायनीत वळखीचे लोक दिसले. पोराचं जमलं हाय, कोनाले समजलं तं कोन पोरगी देईन? म्हणून मांगं फिरलो. अन् फिरता फिरता देवीदासजी दिसले. मले कोनी इचारावं असं जे वाटत होतं न, तेच मी त्यायले इचारलं."

"अन् मंग साक्षगंध काहून थांबवलं?" सुमनवहिनींनी विचारलं.

"दोन्ही घरी तेच दुखणं. माह्या मायले म्हटलं, त्यायच्या पोरीले एका दुखण्यातून काढून दुसऱ्या दुखण्यात कायले आनू?"

मी पडद्याआड बसून पैकीच्या पैकी मार्क दिले होते ते या माणसाला. मी घरी टेबलावर बसून जी आतली गोष्ट बनवली होती, ती या घरात खरीच चालू होती.

डॉक्टर निनाद उठले. एक पाट उचलला, कमलबाईंना अंगणात मोकळ्या हवेत बसवलं आणि समोर बसून सावकाश विचारायला लागले. नो टेन्शनवाले डॉक्टर निनाद! मी फक्त पाहत राहिले.

इकडे ओसरीत मात्र सगळे सुमनवहिनींकडे बघत होते. कारण आता लग्न त्यांच्या हातात होतं. सकाळपर्यंत नवऱ्याच्या खोट्या आजारापायी रडणारी बाई, तिच्यासमोर आता विहिणीचा खरा आजार होता. आजीचा ताठा गेला होता.

वहिनी उठल्या. अंगणात गेल्या. खिडकीतलं ताट आणि पेला उचलला, नळाखाली धुतला, आत नेऊन बाकीच्या ताटांच्या मांडणीत लावला. भांड्याचा आवाज आम्हाला ओसरीत ऐकू आला. मग बाहेर येऊन कमलबाईंना म्हणाल्या,

"इहीनबाई, उद्या वाशीमले या अन् माह्या घरी उतरा. लायनीत मी संग उभी राहतो. आमच्या यायचा खोटा टीबी आमी सोसला, तं तुमचा खरा नाई सोसत काय?"

कमलबाई दुसऱ्या दिवशी आल्या. थुंकीत टीबी निघाला. औषधं सुरू झाली. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण मध्येच सोडायची नसतात. घरातल्या सगळ्यांची तपासणी केली, ते ठीक निघाले. साक्षगंध पुढे ढकललं आणि औषधांचा कोर्स पूर्ण झाल्यावर दणक्यात केलं. त्यात देवीदासभाऊंना जेवताना साधा ठसका लागला, तर दोन्हीकडचे पाहुणे हसून हसून पडले. कमलबाई सगळ्यांच्या पंगतीत बसल्या होत्या. अंग भरलं होतं. जिलबी दोनदा मागून घेतली.

डॉक्टर निनादच्या ओपीडीबद्दल आता तक्रारी येतात. ते एकेका पेशंटशी इतकं बोलतात की मागची लाइन ओरडायला लागते. साहेबांनी मला पुन्हा बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, यांना थोडी डॉक्टरची बाजूसुद्धा समजावा."

ट्रेनिंगचा रिपोर्ट मी दिला. पास किती, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, एक. त्यांनी पदनाम विचारलं. मी म्हटलं, मुलाचे वडील. साहेबांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'इतर.'

मला मात्र एकच सुधारणा जमली. त्या वॉर्डातल्या खाटेजवळच्या स्टुलावर मी आता फाइली ठेवू देत नाही. फाइलींना खिडकी पुरते.